गिअरबॉक्स उघडल्यावर कोणते भाग सुधारावे ?

(पिकअप गाडी बाळगणाऱ्या शेतकऱ्यांकरितां)

आमच्या माणगांव तालुक्यांत बैलगाडीचें काम आतां बहुतांशीं पिकअप गाडीनें उचललें आहे. भाताचीं पोतीं, पेंढा, कलिंगडें, आंब्याच्या पेट्या, खताच्या गोणी, इतकेंच काय, पण म्हैस दवाखान्यांत न्यावयाची असली तरी दारांतली पिकअपच बाहेर निघते. बैल लंगडूं लागला तर घरधनी त्याचा खूर स्वतः उचलून पाहत असे. गाडीचा गिअरबॉक्स बिघडला कीं तोच घरधनी किल्ली मिस्त्रीच्या हातांत देऊन बाहेरच्या बांकावर बसतो आणि संध्याकाळीं बिल भरून गाडी घरीं आणतो. आंत काय मोडलें, कां मोडलें, आणि नवें घातलें तें जुन्याहून बरें आहे कीं जुन्यासारखेंच आहे, यांपैकीं कांहींच त्यास ठाऊक नसतें. प्रस्तुत लेखकही दोन-तीन वर्षांपूर्वीं याच मंडळींत होता. महसूल खात्यांत कारकुनी करून अठ्ठावन्नाव्या वर्षीं निवृत्त झालेल्या माणसानें लोखंडाच्या दांत्यांविषयीं लिहावें हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु एकाच गिअरबॉक्सची मजुरी आठ महिन्यांत दोनदां भरल्यावर जी माहिती हातीं आली ती इतरांच्या उपयोगीं पडावी, म्हणून हें लिहीत आहें.

आमची गाडी जुनी, हातानें गिअर बदलण्याची, पांच गिअरांची. तीन वर्षांपूर्वीं फाल्गुनांत कलिंगडें भरून आम्ही पुण्यास गुलटेकडीच्या बाजारीं निघालों होतों. निजामपूर, विळे येथपर्यंत सर्व ठीक होतें. ताम्हिणीचा चढ लागल्यावर तिसऱ्या गिअरमध्यें किरकिर सुरू झाली आणि एका वळणावर खाडकन आवाज होऊन तो गिअर गेला. दुसऱ्या गिअरवर रखडत रखडत गाडी वर नेली. बाजार उठतां उठतां पोंचलों, आणि माल पडेल त्या भावानें देऊन मोकळे झालों. एका हंगामाच्या नफ्याचा मोठा भाग त्या एका दिवसांत गेला. परत आल्यावर एका कारखान्यांत गाडी दिली. तेथें तुटलेल्या दांत्याचें चाक बदलून, तेल भरून, दोन दिवसांत गाडी परत मिळाली. काम झटपट झालें म्हणून मीं त्यांचे आभारही मानले !

त्याच वर्षीं पावसाळ्यांत माझें अमेरिकेंत पुतण्याकडे जाणें झालें. शेती मुलगे पाहतात, त्यामुळें मला सवड होती. पुतण्या टेक्सास संस्थानांत नोकरीस आहे. त्याच्या घरापासून जवळच एक लहानसा कारखाना असून तेथें केवळ पिकअप गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून पुन्हा बांधण्याचेंच काम चालतें. पुतण्याच्या ओळखीनें मला तेथें तीन दुपारीं बसावयास मिळालें. घरीं ताम्हिणींत झालेली फजिती ताजी होती, म्हणून मीं प्रश्न विचारून त्या कारागिरांस बरेंच भंडावून सोडलें. पुतण्या दुभाष्याचें काम करी.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे चालकानें क्लच न दाबतां आपोआप गिअर बदलणारा. ओल्ड्समोबिल कंपनीनें १९४० सालच्या आपल्या गाड्यांत ‘हायड्रा-मॅटिक’ नांवाचा असा गिअरबॉक्स दिला, आणि फोर्डच्या पिकअपला १९५३ सालीं व शेव्हरोलेटच्या पिकअपला १९५४ सालीं तो प्रकार मिळूं लागला. आज त्या देशांत हातगिअरची पिकअप क्वचितच दिसते. आपल्याकडे इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस २०१९ पासून आणि टोयोटाची हायलक्स २०२२ पासून ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह मिळूं लागली. या गाड्या महाग असल्यामुळें शेतकऱ्यांच्या दारांत अद्याप थोड्याच आहेत. परंतु आजची नवी गाडी कांहीं वर्षांनीं जुन्या बाजारांत येतेच, आणि जुन्या बाजारांतून ती आपल्यासारख्यांच्या दारांत येते. दुसरें असें कीं, गिअरबॉक्सचा दुर्बळ भाग शोधून तो बळकट करण्याची विद्या त्या देशांत या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवरच वाढली. तिच्यांतील बरेंच आपल्या हातगिअरच्या गाडीसही लागू पडतें.

प्रथम रचना थोडक्यांत सांगतों. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला तर त्याच्या वाऱ्यानें दुसराही फिरूं लागतो. ऑटोमॅटिक गाडींत इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामध्यें तेलानें भरलेला असाच एक डबा असतो. इंजिनाकडील पंखा तेल फेंकतो आणि त्या तेलाच्या लोंढ्यानें गिअरबॉक्सकडील पंखा फिरतो. या डब्यास टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. त्याच्या मागें ग्रहमालेसारखीं दांतेचाकें असतात. मधोमध सूर्यचाक, त्याभोंवतीं फिरणारीं तीन-चार ग्रहचाकें, आणि सर्वांस वेढून आंतल्या बाजूनें दांते असलेलें कडें. यांपैकीं कोणतें चाक अडवावें आणि कोणतें फिरूं द्यावें यावर गिअर ठरतो. हें अडविण्याचें व जोडण्याचें काम तेलाच्या दाबानें होतें. कोठें एकावर एक रचलेल्या पातळ चकत्यांची चवड दाबली जाते, म्हणजे एक चकती घर्षणाच्या लेपाची, एक साधी पोलादी, पुन्हा एक लेपाची, याप्रमाणें. कोठें ढोलाभोंवतीं पोलादी पट्टा आवळला जातो. तेलाचा पंप हें या सर्वांचें हृदय असून, कोणत्या वाटेनें तेल सोडावें हें ठरविणाऱ्या झडपांचा ठोकळा हें त्याचें डोकें होय.

या यंत्राचा मुख्य शत्रू उष्णता. चढावर जड भार ओढतांना त्या पंख्यांच्या डब्यांत तेल घुसळलें जाऊन तापतें. कारागिरांचा ठोकताळा असा कीं, तेल ८० अंश सेंटिग्रेडच्या आसपास राहिलें तर तें पुष्कळ टिकतें आणि त्यावर दर ११ अंश वाढीमागें त्याचें आयुष्य निम्मे होतें. म्हणजे ११३ अंशांवर सतत चालणाऱ्या गाडीच्या तेलाचें आयुष्य एक-अष्टमांश उरलें. तेल जळालें कीं चकत्यांचा लेप जळतो, रबराचीं सीलें कडक होतात, सीलें गेलीं कीं दाब उतरतो, दाब उतरला कीं चकत्या घसरतात आणि घसरल्या कीं आणखी तापतात. या रोगाचें मूळ चकतींत नसतें, आणि केवळ चकती बदलून तो बराही होत नाहीं.

मीं तेथें उघडलेला पाहिला त्या जातीचा गिअरबॉक्स जनरल मोटर्स कंपनीचा. तो प्रथम १९८२ च्या गाड्यांत ७००आर४ या नांवानें आला आणि पुढें विजेच्या नियंत्रणाचा होऊन ४एल६०-ई म्हणून लाखों पिकअप गाड्यांत बसला. इतका खपल्यामुळें त्याचे दुर्बळ भाग तेथील कारागिरांस पाढ्यासारखे पाठ आहेत. त्यांत एक वाटीच्या आकाराचें पोलादी टवळें असतें. तेथें त्यास सन-शेल म्हणतात. बाहेरच्या ढोलाचें बळ मागच्या सूर्यचाकास पोंचविणें हें त्याचें काम. या वाटीच्या तळाशीं एक अरुंद गळा असून त्यांत खांचा असतात, आणि सर्व जोर त्या गळ्यावर येतो. गळा फाटला किंवा खांचा झिजून सपाट झाल्या म्हणजे दुसरा, चौथा व उलटा असे तीन गिअर एकदम जातात आणि पहिला व तिसरा मात्र चालूं राहतात. चालकास वाटतें कीं सगळाच गिअरबॉक्स गेला, पण मोडलेलें असतें तें हें एक टवळें. गिअरबॉक्स पुन्हा बांधतांना जाणता कारागीर तेथें मूळच्यासारखें दुसरें टवळें न घालतां, पाणी देऊन कठीण केलेलें व गळ्याशीं जाड असें घालतो. किंमतींत फरक असतो, पण गिअरबॉक्स खालीं उतरवून पुन्हा चढविण्याच्या मजुरीच्या मानानें तो क्षुल्लक.

दुसरा दुर्बळ भाग म्हणजे तिसऱ्या व चौथ्या गिअरची चकत्यांची चवड. ती लवकर जळते. येथील सुधारणा विचार करण्याजोगी आहे. चवडीची पकड तिच्या घर्षणाच्या पृष्ठांच्या संख्येवर अवलंबून असते. लेपाच्या सहा चकत्या असतील तर पृष्ठें बारा, आठ बसविल्या तर सोळा, म्हणजे पकड एक तृतीयांशानें वाढली. परंतु डबा तेवढाच असल्यामुळें अधिक चकत्या बसविण्यासाठीं मधल्या पोलादी चकत्या पातळ घ्याव्या लागतात. उष्णता शोषून घेण्याचें काम तर त्या पोलादाचेंच. पातळ पोलाद लवकर तापतें. तेव्हां घाटांत भार ओढणाऱ्या गाडीस अधिक चकत्या हिताच्या कीं थोड्या पण जाड, यावर त्या कारागिरांतच दोन पक्ष होते व माझ्यासमोर त्यांचा वादही झाला. माझा कल जाड पोलादाच्या पक्षाकडे आहे, कारण शेतकऱ्याची गाडी शर्यत धावत नाहीं, ती चढ चढते.

याखेरीज लहानसहान सुधारणा पुष्कळ होत्या. गिअर बदलतांना बसणारा धक्का गिळणारा एक दट्ट्या मूळचा प्लॅस्टिकचा असतो, तो फुटतो, म्हणून अल्युमिनियमचा घालतात. पट्टा आवळणारा दट्ट्या पिकअपमध्यें लहान असतो, म्हणून त्याच कंपनीच्या कॉर्व्हेट या शर्यतीच्या थाटाच्या गाडीचा मोठा दट्ट्या त्याच जागीं बसवितात. तो बिनतक्रार बसतो व दुसरा गिअर घट्ट पकडतो. ग्रहचाकें मूळचीं चार. कंपनीनें स्वतःच पुढें ४एल६५-ई या जातींत तीं पांच केलीं, म्हणजे प्रत्येकावरचा भार चतुर्थांशावरून पंचमांशावर आला. मूळ बनविणाऱ्यानें आपला दुर्बळ भाग स्वतः कोठें सुधारला, हें पाहणें हा उत्तम मार्ग. त्याच्याइतका हिशेब दुसऱ्या कोणाजवळ नसतो.

मात्र त्या कारागिरांपैकीं वयानें वडील असलेल्या गृहस्थांनीं सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनांत पक्की बसली. ते म्हणाले, तुम्ही एक कडी बळकट केली कीं साखळी तुटावयाची थांबत नाहीं, ती पुढच्या कडीपाशीं तुटते. तेलाचा दाब वाढवून पकड घट्ट केली तर गिअर खटकन पडतो, आणि तो खटका मग पंपाच्या बारीक कड्यांस, दांडीस, मागच्या दांतेचाकांस सोसावा लागतो. म्हणून गिअरबॉक्स उघडण्यापूर्वींच ठरवावें कीं गाडी कोणतें काम करणार, आणि त्या कामास पुरेल इतकाच जोर प्रत्येक कडीस द्यावा. ते आणखी एक काम न चुकतां करीत. तेल थंड करणारी जाळी व तिच्या नळ्या धुऊन काढीत, आणि शंका असल्यास जाळीच नवी घालीत. कारण जुन्या मोडींतला लोखंडाचा व लेपाचा चुरा त्या नळ्यांत लपून बसतो आणि नवा बांधलेला गिअरबॉक्स चालूं होतांच त्याच्या आंत येऊन पडतो. पुष्कळ नवे गिअरबॉक्स या जुन्या चुऱ्यानेंच मरतात, असें त्यांचें म्हणणें. भार ओढणाऱ्या गाडीस ते एक जास्तीची जाळी पुढच्या बाजूस लावीत. त्यांच्या मतें सर्व सुधारणांत स्वस्त आणि सर्वांत गुणाची हीच.

पावसाळा संपतां संपतां मी परत आलों. दिवाळीनंतर भाताचीं पोतीं भरून जात असतांना आमच्या गाडीचा तोच तिसरा गिअर त्याच आवाजानें पुन्हा गेला. या वेळीं मीं गाडी एका वृद्ध मिस्त्रींकडे नेली आणि विनंति केली कीं गिअरबॉक्स माझ्यासमक्ष उघडावा. ते हंसून म्हणाले, “भाऊसाहेब, पंचनामा करणार कीं काय ?” मीं म्हटलें, “मिस्त्री, तोच करावयाचा आहे.” खालीं पांढरें जुनें धोतर पसरलें. जो भाग जसा निघेल तसा त्या क्रमानें मांडला, आणि मीं वहींत नांव, स्थिति व मिस्त्रींचा अभिप्राय लिहीत गेलों. कोणताही भाग मांडण्यापूर्वीं धुवावयाचा नाहीं अशी अट मीं घातली होती, कारण मळ हाच पुष्कळदां साक्षीदार असतो.

साक्ष निघाली ती अशी. तिसऱ्या गिअरच्या नव्या चाकाचे दोन दांते तुटलेले. त्याच्या जोडीचें जुनें चाक शाबूत, पण दांत्यांच्या एकाच कडेला घासल्याची लकाकी. खालच्या दांडीचें मागील बेअरिंग हातानें हलविलें तर खडखडे. त्याच्या गोळ्यांच्या वाटेवर बारीक खड्डे. डब्याच्या तळाशीं तेलाच्या गाळांत पहिल्या मोडींतले लोखंडाचे कण जसेच्या तसे. पितळी सिंक्रो रिंगा काळ्या पडलेल्या. मागचें ऑइल सील पाझरत असलेलें. तेल काळें नसून दुधाच्या चहासारखें.

मिस्त्रींनीं हीं सर्व टिपणें जुळवून मला जें समजाविलें तें असें. दांता हा गुन्हेगार नव्हे, तो बळी. बेअरिंग झिजल्यामुळें भार येतांच खालची दांडी किंचित् दूर ढकलली जाई, आणि मग दोन चाकांचे दांते पूर्ण रुंदीनें न भिडतां एका कडेवर भिडत. सर्व भार त्या कडेवर आल्यावर दांता तुटणारच. पहिल्या खेपेस बेअरिंग तसेंच ठेवून नवें चाक घातलें म्हणजे बळी नवा दिला, इतकेंच. त्यांतही नवें चाक जुन्या झिजलेल्या चाकाच्या जोडीस घातलें. दांतेचाकें बैलजोडीसारखीं असतात, तीं जोडीनेंच बदलावीं लागतात. डबा न धुतल्यामुळें पहिल्या मोडीचे कण बेअरिंगांत शिरून तें आणखी लवकर गेलें. टेक्सासमध्यें नळ्यांत लपणारा चुरा ऐकून मी आलों होतों. तोच चुरा माणगांवांत माझ्याच गाडीच्या डब्याच्या तळाशीं सांपडला !

यानंतर काय काय बदललें व कोठें सुधारणा केली तें सांगतों. गिअरबॉक्स उतरविण्याची मजुरी एकदांच पडते, म्हणून सर्व बेअरिंगें व सर्व सीलें नवीं घातलीं. जीं चांगलीं दिसत होतीं तींही ठेवलीं नाहींत. बेअरिंग घेतांना गोळ्यांस धरणारी चौकट प्लॅस्टिकची नसलेलें, पोलादी चौकटीचें घेतलें. कारण प्लॅस्टिकची चौकट सततच्या उष्णतेनें ठिसूळ होते. मागचें सील एका ओठाऐवजीं दोन ओठांचें घातलें. आंतला ओठ तेल धरतो व बाहेरचा चिखल अडवितो, आणि आमच्या लाल मातीच्या वाटांवर या बाहेरच्या ओठाचें महत्त्व फार. तिसऱ्या गिअरचीं दोन्ही चाकें जोडीनें नवीं आणलीं. स्वस्तांत लेथवर कातून देणारे भेटतात, पण त्यांस योग्य पाणी दिलेलें असतेंच असें नाहीं. चांगला दांता वरून कठीण आणि आंतून चिवट असावा लागतो. सबंध कठीण असला तर कांचेसारखा तुटतो आणि सबंध मऊ असला तर शिशासारखा झिजतो. चाक हातांत घेऊन दांत्याच्या बाजूस बारीक कानस हलकेच फिरवावी. कानस निसटली तर वरचा थर कठीण आहे, चावली तर तें चाक परत करावें. आंतील चिवटपणा मात्र असा पाहतां येत नाहीं, त्यासाठीं नामांकित मालाचीच पावती घ्यावी. गिअर सरकविणाऱ्या काट्याचीं टोकें झिजलीं होतीं. काटा झिजला कीं गिअर पूर्ण आंत जात नाहीं व चढावर आपोआप बाहेर उडी मारतो. म्हणून तोही बदलला.

क्लचच्या बाबतींत मात्र मीं सुधारणेस नकार दिला. गाडींत बसलेल्या एका स्नेह्यानें सुचविलें कीं अधिक जोराच्या स्प्रिंगांची प्रेशर प्लेट घालावी, म्हणजे क्लच कधींच घसरणार नाहीं. हें ऐकावयास गोड आहे. परंतु भार अतोनात झाला असतां कांहींतरी सुटलेंच पाहिजे, आणि जें सुटेल तें स्वस्त असावें. रोटाव्हेटरच्या दांडीस जो शिअर बोल्ट असतो तो मुद्दामच मऊ लोखंडाचा करतात. दगड लागला कीं बोल्ट तुटतो व यंत्र वांचतें. आमच्या शेजारच्या गांवीं एकानें वारंवार तुटणाऱ्या त्या बोल्टाला कंटाळून कठीण पोलादाचा बोल्ट घातला. बोल्ट पुन्हा तुटला नाहीं, रोटाव्हेटरचा गिअरबॉक्स फुटला. क्लच हा गाडीचा शिअर बोल्ट आहे. तो कंपनीनें दिला तेवढ्याच ताकदीचा, पण नवा व चांगला घालावा.

आतां दुधाच्या चहासारख्या तेलाविषयीं. तेलांत पाणी गेलें होतें हें उघड होतें, पण तें गेलें कोठून ? गिअरबॉक्सच्या माथ्यावर श्वास घेण्याची एक लहान नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. आंतली हवा तापून फुगली कीं तेथून बाहेर पडते व थंड झाली कीं तेथूनच आंत येते. पावसाळ्यांत फरशीवरून पाणी वाहत असतांना आपण गाडी घालतों. तेव्हां तापलेला डबा एकदम थंड पाण्यांत बुडतो, आंतली हवा आकसते, आणि श्वासाच्या नळीनें व झिजलेल्या सीलांनीं हवेऐवजीं पाणी ओढलें जातें. त्या आषाढांत आमची गाडी किती वेळां फरशीच्या पाण्यांतून गेली असेल याची गणति नाहीं. यावर उपाय इतका सोपा कीं लाज वाटावी. त्या नळीस तेल सोसणारी रबरी नळी जोडून ती वर, इंजिनाच्या खोलीच्या वरच्या भागापर्यंत नेऊन, तोंड खालीं वळवून बांधली. या सबंध दुरुस्तींत याहून कमी खर्चाची दुसरी कोणतीही सुधारणा नव्हती. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सलाही अशी नळी असते व त्यास पाण्याचा धोका अधिकच, कारण चकत्यांचा लेप पाण्यानें सुटून येतो. कोंकणांत अशी गाडी बाळगणाऱ्यानें हें विशेष लक्षांत ठेवावें.

सिंक्रो रिंगा काळ्या कां पडल्या याचें उत्तर तेलाच्या डब्यावर होतें. मागच्या आंखाचें तेल व गिअरबॉक्सचें तेल एकच समजून पहिल्या खेपेस एकाच डब्यांतून दोन्हीकडे भरलें गेलें होतें. आंखाच्या तेलांत, ज्यावर जीएल-५ असें लिहिलेलें असतें, गंधकाचीं संयुगें अधिक असतात, आणि त्यांतील कित्येक पितळेस बाधतात. पितळी रिंगांच्या पुष्कळ गिअरबॉक्सना जीएल-४ प्रतीचें तेल सांगितलेलें असतें. आपल्या गाडीस कोणतें, हें गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकांत पाहावें. तें पुस्तक बहुधा सीटखालीं पिशवींत न उघडलेलें असतें. ऑटोमॅटिकचें तेल तर अगदींच निराळें, बहुधा लाल, आणि तेथें एका जातीऐवजीं दुसरी चालत नाहीं.

भाराविषयीं लिहावयास संकोच वाटतो, कारण दोषी मीच. आमच्या गाडीच्या कागदावर सव्वा टन लिहिलेलें आहे आणि त्या दिवशीं ताम्हिणींत आम्ही त्याहून पुष्कळ अधिक कलिंगडें भरलीं होतीं. बेअरिंग कितीही उत्तम घातलें तरी कागदावरचा आंकडा त्यामुळें वाढत नाहीं. गिअरबॉक्स बळकट झाला म्हणून भार वाढविणारा मनुष्य पुढची कडी कोणती तुटते हें पाहावयास निघालेला असतो. मग ती मागच्या आंखाची असेल, प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसची असेल, किंवा उतारावर ब्रेकची असेल. आतां आम्ही पोतीं मोजून भरतों व जास्त माल असल्यास दोन खेपा करतों. डिझेल अधिक लागतें हें खरें.

जुनी ऑटोमॅटिक पिकअप कोणी घेऊं लागल्यास तीन गोष्टी पाहाव्या. तेलाची पट्टी असल्यास ती काढून तेल पांढऱ्या कागदावर टिपावें. लालसर असेल तर ठीक, काळपट तपकिरी असून करपल्यासारखा वास येत असेल तर चकत्या जळल्या आहेत. गाडी थंड असतांना व तासभर चढावर चालवून तापल्यावर, अशी दोन वेळां उलट्या गिअरमध्यें टाकून पाहावी. तापल्यावर गिअर पडण्यास उशीर लागत असेल तर दाब उतरलेला आहे. आणि विकणाऱ्यास विचारावें कीं गिअरबॉक्स पूर्वीं उघडला होता काय, व उघडला असल्यास थंड करणारी जाळी बदलली काय. पहिल्या प्रश्नाचें उत्तर “होय” व दुसऱ्याचें “ठाऊक नाहीं” असें आलें तर किंमत पुष्कळ पाडून मागावी. नवी गाडी हमीच्या मुदतींत असेल तर मात्र बाहेरच्या मिस्त्रीकडून कोणतीही सुधारणा करूं नये, नाहींपेक्षां कंपनी हमी नाकारते.

आमच्या गाडीस या सर्वांबरोबर तेल काढण्याचा एक चुंबकी बूच बसविला आहे. त्याच्या टोकास लोहचुंबक असून तेलांत फिरणारे लोखंडाचे कण त्यास चिकटतात. तेल बदलतांना तो बूच मी स्वतः काढून, पुसण्यापूर्वीं पाहतों आणि वहींत तारीख व किलोमीटर लिहून शेरा मारतों. राखेसारखी बारीक पूड असेल तर ती नेहमींची झीज. नखाच्या टोकाएवढा तुकडा दिसला तर गाडी त्याच दिवशीं मिस्त्रींकडे न्यावयाची असें मुलांस बजावून ठेवलें आहे. मागील दोन नोंदी “बारीक पूड, तुकडा नाहीं” अशा आहेत, आणि या फाल्गुनांत कलिंगडें गुलटेकडीस वेळेवर पोंचलीं.